वाकळेची मजुरी कशी मोजायची? दक्षिण महाराष्ट्रातील गोधडीकामाविषयी

कृष्णाकाठ

सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्याच्या दक्षिण भागात जिला वाकळ म्हणतात आणि पुणे-नगरकडे जिला गोधडी म्हणतात, तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ आणि प्रेमाने लिहिले जाते. बहुतेक लेखन आजीच्या उबेविषयी असते, आणि ते वाचायला मलाही आवडते. मात्र वाकळ शिवण्याच्या मजुरीचा विषय त्यात सहसा येत नाही. आमच्या वाळवा तालुक्यात आजही दुसऱ्यांच्या वाकळा शिवून घराला हातभार लावणाऱ्या बायका आहेत. वाकळेची किंमत ठरवताना आपण जुने कापड फुकट धरतो, शिवणाऱ्या बाईचा वेळही फुकट धरतो, आणि मग दोऱ्याच्या रिळापलीकडे हिशेबात काही उरतच नाही. हा हिशेब नीट मांडला जावा, म्हणून या मंचावर ही चर्चा सुरू करत आहे.

काम कसे चालते ते आधी सांगते, कारण त्याशिवाय वेळेचा अंदाज येत नाही. स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर घरातले त्यातल्या त्यात धड लुगडे किंवा सुती साडी अंथरतात. हे वाकळेचे अस्तर. त्याच्या कडा चारही बाजूंनी ओढून घेऊन कोपऱ्यांवर दगड, वरवंटा, जे जड हाताशी असेल ते ठेवतात, म्हणजे कापड सरकत नाही. त्यावर विरलेली धोतरे, पातळे, चादरी यांचे थर येतात, आणि खरे कौशल्य येथूनच सुरू होते. एका कापडाचा विरलेला भाग दुसऱ्याच्या धड भागाखाली येईल, अशी मांडणी करावी लागते. एका जागी पाच थर आणि शेजारी दोनच, असे झाले तर वाकळ पहिल्याच धुण्यात गोळा होते. सर्वांत वर खणाच्या चोळ्यांचे तुकडे, इरकली लुगड्यांचे काठ, फुलांच्या परकराची घडी, असे जे दिसायला बरे ते लावतात. सगळे थर लांब टाक्यांनी कच्चे टाचून झाले की मग शिवण.

शिवणीला टाका एकच, धावदोरा. कडेपासून चौकोनात फिरत आत आत यायचे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालायच्या, हे त्या त्या गावाच्या आणि हाताच्या वळणावर अवलंबून असते. सुईवर एका वेळी तीन-चार टाके उचलायचे, दोरा ओढायचा, डाव्या तळहाताने मागचा भाग सपाट करायचा आणि पुन्हा सुई घालायची. दोरा जास्त ओढला तर चुण्या पडतात. सैल राहिला तर झोपणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्यात टाका अडकतो आणि तेथून ओळ उसवायला लागते.

आता हिशेब. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी एक मोठी वाकळ घेऊ. दोन ओळींमध्ये बोटभर, म्हणजे साधारण पाऊण इंच अंतर ठेवले, तर पाच फुटांच्या रुंदीत ८० ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण ५६० फूट शिवण झाली. इंचाला तीन टाके धरले तर एका वाकळेत २०,००० हून अधिक टाके पडतात. पाच थरांतून एक फूट ओळ घालायला सराईत हातालाही चार मिनिटे लागतात असे धरले, तर नुसत्या शिवणीचे ३७ तास होतात. थर लावणे, टाचणे आणि कडा मुडपणे धरून ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच पूर्ण दिवस. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने वाकळेची मजुरी १,५६० रुपये होते. आमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात मोठ्या वाकळेची शिलाई ८०० रुपये होती आणि दोरा बाईने स्वतःचा घालायचा होता. खडी फोडण्याच्या कामाला सरकार जो किमान दर देते, त्याच्या निम्म्यावर आपण हे काम करून घेतो आणि वर ‘आमच्या मावशी फार सुंदर शिवतात’ असे कौतुकही करतो.

हे मोल नुसते पैशांचे नाही, हे मी जाणते. घटस्थापनेच्या आधी दसऱ्याची धुणी निघतात तेव्हा घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर जातात. ओली वाकळ एकीला पेलत नाही, पिळायला दोघी समोरासमोर उभ्या लागतात, आणि कृष्णेच्या घाटावर उन्हात पसरलेल्या वाकळांवरून कोणाच्या घरात किती माणसे, कोणाकडे लेक माहेरपणाला आली आहे, हे गाव ओळखत असे. बाळाचे दुपटे नव्या कापडाचे करत नाहीत, कारण शेकडो धुण्यांतून गेलेल्या लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत शेतात काम कमी असते, तेव्हा वाकळा भरायच्या आणि पेरणीआधी संपवायच्या, असा त्या कामाचा हंगामही ठरलेला होता. हे सगळे मानूनच मी मजुरीचा प्रश्न विचारत आहे. आपापल्या भागातील दर, पद्धती आणि अनुभव कृपया लिहावेत.

पाटणखोरे

ताई, हिशेब अतिशय मुद्देसूद मांडला आहे. त्यात कापडाची बाजू जोडतो, कारण माझ्या मते वाकळेवरचे खरे संकट तेथे आहे.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. आमच्या खोऱ्यातल्या बहुतेक घरांत एक तरी माणूस लालबाग-परळला असे आणि गणपतीला किंवा शिमग्याला येताना तो गिरणीचे सुती कापड घेऊन येई. तेच कापड आधी धोतर, मग पंचा, मग वाकळेचा थर, आणि शेवटी चुलीपाशी भांडी उतरवायचे फडके होऊन संपे. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली आणि पुढच्या काळात खेड्यांतल्या बायकांच्या अंगावरही सुतीऐवजी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या स्वस्त होत्या, लवकर वाळत, इस्त्री लागत नसे. घेणाऱ्या बाईला त्यात दोष देता येणार नाही. पण ती साडी पंधरा वर्षे वापरूनही विरत नाही, मऊ पडत नाही आणि घामही शोषत नाही. थर लावताना एकावर एक घसरते, सुईला धागा अडकतो. अशा साड्यांची वाकळ दिसायला झगझगीत होते. अंगावर घेतली की थंडीत गार आणि उन्हाळ्यात चिकट लागते.

दुसरे असे की जुने कापड फुकट असते हे मुळातच खरे नाही. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले देते, म्हणजे त्या साडीला बाजार आहे. वाकळ भरणारी बाई ते पातेले सोडून देते, तेव्हा तिने वाकळेत भांडवल घातलेले असते. सुती साडी असेल तर ते भांडवल आणखी मोठे, कारण जुन्या सुती साड्या आता मिळेनाशा झाल्या आहेत.

आमच्याकडे काही जणी आता इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे सुती तागे अस्तरासाठी आणतात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये सुरू झाला आणि त्या गावाने निम्म्या महाराष्ट्राला धोतरे पुरवली. म्हणून हा पर्याय मला परका वाटत नाही. नवे कापड दोनतीनदा धुऊन, खळ पूर्ण काढूनच वापरावे लागते, एवढे मात्र पाहावे.

दख्खनी_मन

कृष्णाकाठ ताईंच्या तळमळीविषयी आदर आहे, तरी मला वेगळे वाटते. वाकळ ही विकायची वस्तूच नव्हती. ती घरात, घरच्यांसाठी, घरच्या कापडाची होत असे. शेजारणी सावडीने येत; आज तुझ्या वाकळेला चार हात, उद्या माझ्या. तेथे तासाचा दर लावला की ती सावड मोडते. शहरातील दुकानात भिंतीवर टांगलेली गोधडी पाहिली की मला वाईट वाटते, कारण त्या गोधडीत कोण झोपले, कोणाचे बाळंतपण झाले, याचा तिला पत्ताच नसतो. बाजार आला की हंगाम जातो, घाई येते आणि ओळींमधले अंतर वाढत जाते. आपण मजुरी वाढवण्याच्या नादात वाकळच हरवून बसू, अशी भीती वाटते.

सुईदोरा

दख्खनी_मन यांचे म्हणणे मन लावून वाचले. मी राधानगरी भागात एका बचत गटाबरोबर हेच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सावड होती आणि काही वाड्यांवर अजूनही आहे. पण सावडीला येणारी प्रत्येक बाई घरची धनीण नसे. ज्या घरी शेत नाही, त्या घरची बाई मोठ्या घरच्या वाकळा शिवायला जाई आणि तिला जोंधळे, शिळेपाके, जुने लुगडे मिळे. आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर आजींनी तरुणपणी असेच काम केले आहे. म्हणजे मजुरी तेव्हाही होती. ती पैशांत नव्हती, म्हणून ती आपल्याला दिसली नाही. बाजाराने सावड मोडते ही भीती मी समजू शकते. मात्र आमच्याकडे उलट झाले. गावातली एकत्र बसण्याची पद्धत थांबलेली होती, ती ऑर्डरीमुळे पुन्हा सुरू झाली. दुपारी देवळाच्या ओवरीत सहा-सात जणी एका वाकळेभोवती बसतात. दिवस मावळायच्या आत उठतात, कारण दिव्याच्या उजेडात गडद कापडावरचा टाका दिसत नाही आणि डोळ्यांना त्रास होतो.

आमची बहुतेक गिऱ्हाइके पुण्या-मुंबईची आहेत. ती आपल्या आईच्या किंवा सासूच्या साड्या कुरिअरने पाठवतात. दादा, म्हणून आपली ‘कोण झोपले’ ही खंत येथे लागू पडत नाही. उलट आई गेल्यावर तिच्या साड्यांचे करायचे काय, हा प्रश्न घेऊनच लोक आमच्याकडे येतात. एका साडीवर अंगाऱ्याचा डाग होता. तो भाग कापू नका, वरच्या थरात घ्या, असे लेकीने मुद्दाम कळवले होते. आम्ही तो मध्यभागी घेतला.

पार्सल आले की आम्ही साड्या सुती, मिश्र आणि पॉलिएस्टर अशा वेगळ्या करतो. रंग सोडणाऱ्या साड्या मिठाच्या पाण्यात भिजवून पाहतो, कारण एका लाल काठाने अख्खी वाकळ गुलाबी झालेली मी पाहिली आहे. पॉलिएस्टरची साडी आईची असली तर तिला नाकारता येत नाही, म्हणून ती फक्त वरच्या बाजूला तुकड्यांत वापरतो आणि अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवतो.

दराबाबत ताईंचा आकडा मला बरोबर वाटतो. अडचण अशी की गिऱ्हाईक आमच्या वाकळेची तुलना मशीनवरच्या गोधडीशी करते. मशीनवर एका दिवसात दोन गोधड्या होतात, आत स्पंज किंवा पॉलिएस्टरची गादी असते, आणि काही दुकानांत त्या हाताच्या म्हणूनच विकल्या जातात. हातशिवण ओळखण्याची एक सोपी खूण सांगते. कापड उलटून पाहा. धावदोऱ्यात टाका दोन्ही बाजूंनी एकाआड एक, मध्ये रिकामी जागा सोडून दिसतो, आणि त्याची लांबी सगळीकडे अगदी सारखी नसते. मशीनच्या शिवणीत टाक्याला टाका लागून सलग रेघ दिसते.

सर्वांत जास्त खप दुपट्यांचा आहे. आकार लहान, तीनचार दिवसांत होते, बारशाला भेट म्हणून लोक घेतात आणि किमतीवरून घासाघीस करत नाहीत. मोठ्या वाकळेवर मात्र आमचे आजही नुकसान होते, हे स्पष्टपणे लिहायला हवे.

हल्याळकर

मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ भागातला, घरी मराठी बोलणारा. आमच्या शेजारच्या सिद्दी वाड्यांवर हेच काम ‘कवंद’ नावाने चालते आणि त्याचा या चर्चेशी जवळचा संबंध आहे. सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांपैकी अनेक जण पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून निसटून हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोडच्या जंगलांत येऊन राहिले. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी दोन्ही मिसळलेल्या आहेत. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला.

कवंद शिवताना बायका कडेच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येतात, म्हणजे कृष्णाकाठ यांनी सांगितलेलीच एक पद्धत. शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांशिवायची कवंद उघडी आहे, असे त्या मानतात. ख्रिस्ती घरांतल्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरांतल्या कवंदीवर चंद्रकोर, आणि तरी शिवण सगळ्यांची एकच.

हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकारांनी या कवंदींचा अभ्यास केला, २००४ मध्ये सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे या कवंदी अमेरिकेतील संग्रहालयांत प्रदर्शित झाल्या. माझे निरीक्षण असे की संग्रहालयात गेल्यामुळे घरातली कवंद कमी झाली नाही. पावसाळ्यात आमच्याकडच्या जंगलपट्टीत जी दमट थंडी पडते, तिला दुसरा इलाज नाही. बदल एवढाच झाला की, बाहेरचे लोक कवंद पाहायला येतात म्हणून तरुण मुलींना ती शिकावीशी वाटू लागली.

वस्त्रवेध

चर्चा चांगली चालली आहे. कायदा आणि योजना यांविषयी थोडे लिहितो.

भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशासाठी राखून ठेवणाऱ्या कायदेशीर नोंदीचा, विषय निघणारच, म्हणून आधीच सांगतो. त्याविषयीचा १९९९ चा कायदा २००३ पासून लागू आहे. बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये मानांकन मिळाले आणि बिहारच्या सुजनीलाही ते मिळालेले आहे. दोन्ही मुळात आपल्या वाकळेसारख्याच, जुन्या कापडाच्या थरांवर धावदोरा घालून केलेल्या वस्तू. सुजनीचे मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसरा गावाभोवतीचे काम १९८८ च्या सुमारास नव्याने उभे राहिले, तेव्हा बायकांनी टाक्यांमधून स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग दाखवायला सुरुवात केली आणि त्या कामाला वेगळी ओळख मिळाली. असे असले तरी मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे करत नाही. मानांकन मिळाल्यावरही प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती नोंद व्यापारी लगेच करतात आणि शिवणाऱ्या बायका मागे राहतात, हा धोका आहे.

कारागिरांसाठीची पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत शिंपीकाम आहे, गोधडीकामाचे स्वतंत्र नाव नाही. शिवाय एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, त्यामुळे ज्या घरी नवरा गवंडी किंवा सुतार म्हणून नोंदला गेला आहे, त्या घरची वाकळ शिवणारी बाई बाहेरच राहते. या कामाला व्यवसाय म्हणून नाव मिळावे, ही मागणी मला मानांकनापेक्षा अधिक निकडीची वाटते. गावपातळीवर आजच्या घडीला उपयोगी पडू शकतील अशा यंत्रणा दोन: उमेद अभियान आणि १९७५ पासूनचे महिला आर्थिक विकास महामंडळ. दोन्ही बचत गटांमार्फत काम करतात.

अटलांटाकर

वस्त्रवेध यांनी सांगितलेल्या धोक्याचे एक उदाहरण मी राहतो तेथून जवळच आहे. शेजारच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय वस्ती आहे. तेथील बायका, गुलामीत राबलेल्या पूर्वजांच्या लेकी-नाती, जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागात गोधडीकाम करणाऱ्या बायकांची सहकारी संस्था निघाली. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले, २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी काही बायकांना आपल्या वाट्याचा मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात जावे लागले. ते दावे नंतर तडजोडीने मिटले. नाव जगभर होऊनही पैशांची वाटणी आधी लिहून ठेवलेली नसली तर काय होते, ते यावरून दिसते. म्हणून सुईदोरा ताईंना विनंती आहे की, गटाच्या नमुन्यांची छायाचित्रे आणि ती वापरायची परवानगी यांविषयी आताच लेखी काही करून ठेवावे.

माणदेशातली_लेक

एक छोटी भर. आमच्याकडे पाऊस कमी, पण माघातली थंडी फार कडक. तरीही वाकळा मागे पडल्या, कारण पाचशे-सहाशे रुपयांत पानिपतचे ब्लँकेट बाजारात मिळते. ते दिसायला जाड असते आणि सुनांना धुवायला हलके वाटते. मी नोकरी करणाऱ्या बायकांना दोष देत नाही. जाड वाकळ हाताने धुणे हे खरोखर कष्टाचे काम आहे आणि घरातल्या यंत्रात ती मावत नाही. सुईदोरा ताई, तीन थरांची हलकी वाकळ गट शिवतो का? ती यंत्रात धुता येईल का?

सुईदोरा

शिवतो. तीन थर असतील तर ओळींमधले अंतर बोटभरापेक्षा कमी ठेवावे लागते, नाही तर थर आतून सरकतात. थंड पाण्यात, हलक्या फेऱ्यावर, एका वेळी एकच, अशी यंत्रात धुता येते. कडा मात्र दुहेरी मुडपून घ्याव्यात. वाकळ सर्वांत आधी कडेलाच फाटते आणि नुसती नवी पट्टी लावली तरी तिचे आयुष्य चारपाच वर्षांनी वाढते. आम्ही दुरुस्तीचे कामही घेतो. अटलांटाकर दादा, लेखी कराराचे मनावर घेतले आहे.

दख्खनी_मन

सुईदोरा ताईंनी लिहिलेली साडीवरच्या डागाची गोष्ट मी दोनदा वाचली. विक्रीविषयीची माझी शंका पूर्ण गेलेली नाही. दुकानांसाठी घाऊक माल करणे आणि एका घराच्या साड्यांची त्याच घरासाठी वाकळ करून देणे, या दोहोंत मी फरक करतो. दुसऱ्या प्रकाराला माझा विरोध नाही, आणि त्याची मजुरी पूर्ण मिळाली पाहिजे, हेही मान्य आहे. दर ठरवताना ओळींमधल्या अंतराचा उल्लेख असावा, एवढे सुचवतो. अंतर न लिहिता नुसत्या आकारावर दर ठेवला, तर काम विरळ होत जाणार.

कृष्णाकाठ

दख्खनी_मन यांची सूचना अगदी योग्य आहे. वरच्या हिशेबावरून चौरस फुटाचा दर काढला. ७ गुणिले ५, म्हणजे ३५ चौरस फुटांना १,५६० रुपये. साधारण ४५ रुपये चौरस फूट. हा दर बोटभर अंतराचा. अंतर निम्मे केले तर ओळी दुप्पट होतात, म्हणून दर ९० रुपये. तीन फूट बाय तीन फुटांचे दुपटे बोटभर अंतराने ४०५ रुपयांना आणि दाट ओळींनी ८१० रुपयांना पडेल. ही केवळ मजुरी आहे. दोरा, नवे अस्तर लागले तर त्याचे पैसे, आणि पार्सलचा खर्च वेगळा.

गिऱ्हाइकाला देण्याच्या कागदावर आकार, थर किती, ओळींमधले अंतर, कापड सुती की मिश्र, आणि शिवणाऱ्या बाईचे नाव तिची हरकत नसल्यास, एवढे असावे असे वाटते. वस्त्रवेध, विश्वकर्मा यादीत नाव घालण्याच्या मागणीचा मसुदा आपण कराल का? ग्रामसभेत ठराव मांडायची तयारी आमच्या गटाची आहे.

वस्त्रवेध

अवश्य. मसुद्यात कामाची पद्धत, लागणारा वेळ आणि हत्यारे लिहावी लागतील. वेळेचा हिशेब या चर्चेतून घेतो. निरनिराळ्या गावांतील शिवणाऱ्या बायकांनी एका फुटाला प्रत्यक्ष किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून कळवले, तर चार मिनिटांचा आकडा अधिक पक्का होईल. पाटणखोरे, माणदेशातली_लेक आणि हल्याळकर, आपल्या भागातून हे मिळू शकेल का?

पाटणखोरे

माझ्या आत्याला आजच विचारले. सुती थर असतील तर तिला साडेतीन मिनिटे लागतात, मध्ये एक जरी पॉलिएस्टरची साडी असली तर पाचच्या वर जातात. म्हणजे चार मिनिटांवर काढलेल्या दराच्या निदान सव्वापट दर मिश्र कापडाला ठेवावा लागेल. दरांत तो वेगळा लिहावा.